कादंबरीतले दुःस्वप्न पडद्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातील आमच्या लहानशा वाचनगटात नववी ते बारावीची मुले-मुली येतात. सुट्टीत एक कादंबरी वाचायची, तिच्यावर बेतलेला चित्रपट सर्वांनी मिळून पाहायचा आणि मग दोन-तीन संध्याकाळी दोहोंवर बोलायचे, असा आमचा शिरस्ता आहे. गेली काही वर्षे मुलांनी निवडलेली पुस्तके बहुतेक एकाच जातीची निघाली. भविष्यकाळातील एखादी बंदिस्त, क्रूर राज्यव्यवस्था आणि तिच्यासमोर उभी ठाकलेली सोळा-सतरा वर्षांची नायिका किंवा नायक, असा त्यांचा साचा आहे. या पुस्तकांविषयी आणि त्यांच्या चित्रपटांविषयी मुले, पालक आणि शाळेतील सहकारी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. उत्तरांमध्ये काही कथांचे शेवट उघड झाले आहेत. ज्यांना ते आधी कळू नयेत असे वाटते, त्यांनी पुस्तक वाचून मगच पुढे जावे.

‘डिस्टोपिया’ म्हणजे नेमके काय?

टॉमस मोर याने १५१६ मध्ये एका आदर्श बेटाचे वर्णन करणारे पुस्तक लिहिले आणि त्या बेटाला ‘युटोपिया’ असे नाव दिले. त्याच्या उलट जे राज्य, ते डिस्टोपिया. मराठीत ‘दुःस्वप्नलोक’ हा शब्द चालतो, पण मुलांच्या तोंडी इंग्रजी शब्दच रुळला आहे आणि त्यावर आम्ही हट्ट धरत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. केवळ भूकंप, साथ किंवा युद्ध यांनी उद्ध्वस्त झालेले जग दाखवले म्हणजे ते लेखन डिस्टोपियन होत नाही. तेथे कोणीतरी सुव्यवस्थेच्या नावाखाली लोकांचे जगणे आखून दिलेले असावे लागते आणि बहुसंख्य लोकांनी ते मुकाट्याने स्वीकारलेले असावे लागते.

मग मुलांसाठीच्या डिस्टोपियात वेगळे काय असते?

वेगळा असतो तो एक दिवस. सुझॅन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून निवडलेल्यांना रिंगणात उतरवले जाते आणि तेथे त्यांनी एकमेकांना मारायचे असते. व्हेरोनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये सोळाव्या वर्षी प्रत्येकाने आपला गट निवडायचा असतो, आणि लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’मध्ये बाराव्या वर्षी वडीलधाऱ्यांची समिती प्रत्येक मुलाचे आयुष्यभराचे काम जाहीर करते. मोठ्यांसाठीच्या डिस्टोपियात नायक बहुधा आधीच व्यवस्थेच्या पोटात असतो. येथे तो तिच्या दाराशी उभा असतो आणि दार उघडणारे हात मोठ्या माणसांचे असतात. दहावीचा निकाल लागल्यावर विज्ञान, वाणिज्य की कला, याचा निर्णय घरातील सर्वजण मिळून घेत असताना कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या मुलाला ही कथा परकी वाटत नाही. हे साम्य आम्ही मुलांना दाखवून दिलेले नाही. पहिल्याच चर्चेत एका मुलीने ते आम्हाला दाखवले.

या चित्रपटांची लाट केव्हा आली आणि एकाएकी इतके चित्रपट का निघाले?

तिची सुरुवात २०१२ मध्ये धरावी. त्या वर्षी ‘द हंगर गेम्स’चा पहिला भाग आला. सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ६९ कोटी डॉलर मिळवले आणि पुढच्या वर्षीच्या ‘कॅचिंग फायर’ने तर ८६ कोटींचा पल्ला ओलांडला. त्याच सुमारास जादूगार मुलाची (‘हॅरी पॉटर’) आणि रक्तपिपासू प्रियकराची (‘ट्वायलाइट’) अशा दोन्ही मोठ्या चित्रमालिका संपल्या होत्या किंवा संपत आल्या होत्या, आणि त्यांची जागा भरून काढेल अशी तयार वाचकवर्ग असलेली पुस्तके चित्रसंस्थांना हवी होती. २०१४ मध्ये ‘डायव्हर्जंट’, ‘द गिव्हर’ आणि ‘द मेझ रनर’ हे तिन्ही एकाच वर्षात आले. त्यांपैकी ‘द मेझ रनर’ अवघ्या ३.४ कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्याने त्याच्या दसपट कमाई केली. असा हिशेब दिसल्यावर पुढचे दहा प्रकल्प कोण नाकारील?

लाट ओसरलीही तितक्याच वेगाने. २०१८ मध्ये आलेल्या ‘द डार्केस्ट माइंड्स’कडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली, आणि त्याच वर्षी फिलिप रीव्ह यांच्या कादंबरीवरचा, पीटर जॅक्सन निर्मात्यांपैकी एक असलेला ‘मॉर्टल एंजिन्स’ सुमारे १० कोटी डॉलरचा खर्चही तिकीटबारीवर वसूल करू शकला नाही. चाकांवर फिरणारी, एकमेकींना गिळणारी शहरे ही त्यातील कल्पना खरोखर अपूर्व होती. पण तोवर ‘निवडलेली मुलगी, दुष्ट राज्यकर्ता आणि शेवटी पडणारी भिंत’ हा साचा प्रेक्षकाला पाठ झाला होता, आणि साचा पाठ झाला की कल्पना कितीही चांगली असली तरी ती दिसत नाही.

चित्रपट पुस्तकाशी प्रामाणिक आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा हाच प्रश्न आहे, आणि आमच्या मते तो थोडा चुकीच्या जागी उभा आहे. कोणता प्रसंग गाळला आणि कोणते पात्र उडवले याची यादी करणे सोपे असते, आणि मुले ती तळमळीने करतात. पण दोन-अडीच तासांत चारशे पानांचे सगळे काही बसत नाही, हे उत्सवातल्या नाटकाला जाणाऱ्या गोमंतकीयाला समजावून सांगावे लागू नये. जुन्या पाच अंकी संगीत नाटकातील कोणती पदे ठेवायची आणि कोणती कापायची, यावर आमच्या गावात देवळाच्या मंडपात तालमीच्या पहिल्याच दिवशी भांडणे होतात, आणि पद कापले म्हणून नाटक बिघडले असे कोणी म्हणत नाही. कापल्यानंतर नाटकाचा जीव शिल्लक राहिला का, एवढेच पाहिले जाते.

या पुस्तकांचा जीव बहुतेक वेळा निवेदनात असतो. ‘द हंगर गेम्स’ ही कॅटनिस एव्हरडीन या सोळा वर्षांच्या मुलीने प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात सांगितलेली कथा आहे. तिला जे दिसते, तेवढेच वाचकाला दिसते. रिंगणात तिच्यावर कोण नजर ठेवून आहे, बाहेर कोणता सौदा चालला आहे, तिच्याच जिल्ह्यातून रिंगणात आलेल्या पीटाचे प्रेम खरे आहे की कॅमेऱ्यासाठी, यातले काहीही तिला ठाऊक नसते आणि म्हणून आपल्यालाही नसते. चित्रपटाने हे बंधन मोडले. पुस्तकात न आलेली नियंत्रणकक्षाची दृश्ये त्यात आहेत. तेथे शुभ्र पोशाखातील तंत्रज्ञ एका मोठ्या नकाशावर बोट ठेवून जंगलात आग लावतात आणि हिंस्र श्वापदे सोडतात.

पहिल्यांदा पाहताना हे आम्हाला खटकले होते. दुसऱ्या वेळी पटले. पुस्तकात कॅटनिसच्या मनातील संशय जे काम करतो, ते चित्रपटात तो कक्ष करतो. ज्यांना मारायचे आहे त्यांच्याविषयी त्या तंत्रज्ञांच्या चेहऱ्यावर रागही नाही, केवळ काम नीट पार पडल्याचे समाधान आहे. कादंबरीला हे दाखवण्याची सोय नव्हती. पटकथेत स्वतः कॉलिन्स यांचा सहभाग होता, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ घ्यावी. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणाऱ्या मुकुंदाची ही कथा त्याच्याच तोंडून येते आणि तिची सारी गोडी त्या मुलाच्या भाषेत आहे. सुजय डहाके यांनी २०१२ मध्ये तिला पडद्यावर आणले, तेव्हा ती भाषा बरीचशी मागे राहणे अटळ होते. तिच्या जागी चेहरे आणि शांतता आली. काहींना हे पुरेसे वाटले आणि काहींना नाही, पण त्या चित्रपटाला अप्रामाणिक म्हणणे अन्यायाचे होईल.

एखादा बदल आपल्याला चुकीचा वाटतो, असे एक तरी उदाहरण द्याल का?

देतो, आणि ते पावाचे आहे. पुस्तकात रू नावाची बारा वर्षांची मुलगी रिंगणात मारली जाते. कॅटनिस तिच्या देहाभोवती फुले मांडते. त्यानंतर रूच्या अकराव्या जिल्ह्यातील माणसे कॅटनिसला एक पाव भेट पाठवतात. स्वतः उपाशी असलेल्या लोकांनी आपल्या मुलीसाठी पै-पै जमवून घेतलेला तो पाव असावा, आणि ती गेल्यावर त्यांनी तो परजिल्ह्यातील मुलीला दिला. असे आजवर कोणी केलेले नव्हते. चित्रपटात ही भेट नाही. तिच्या जागी अकराव्या जिल्ह्यात दंगल उसळलेली दिसते, धान्याची पोती फुटतात आणि शिपाई पाण्याचे फवारे मारतात.

दंगल पडद्यावर उठून दिसते, हे मान्य. तरीही पाव गेला ही मोठी हानी आहे. या कथेतल्या देशाचे नावच ‘पानेम’ आहे आणि ते ‘भाकरी आणि खेळ’ या अर्थाच्या जुन्या लॅटिन वाक्प्रचारातून आले आहे. प्रजेला खायला आणि पाहायला दिले की ती राज्यकारभाराकडे बघत नाही, असा त्याचा अर्थ. त्याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीज रूप आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि मराठीत ‘पाव’ झाले. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंपू ऐकत वाढलेल्या मुलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी पुस्तक पुन्हा उघडून पावाचे सगळे उल्लेख शोधून काढले. नायिकेला उपासमारीत वाचवणारा करपलेला पाव, बेकरीवाल्याचा मुलगा पीटा, आणि शेवटी ही भेट. राज्यकर्ते ज्या पावाने माणसांना गप्प ठेवतात, तोच पाव एक माणूस दुसऱ्याला देतो तेव्हा बंड होते, ही कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म गोष्ट दंगलीच्या गोंगाटात हरवली आहे.

‘द गिव्हर’ हा चित्रपट मुलांना का आवडत नाही? पुस्तक तर फार आवडते.

पुस्तक १९९३ चे आहे आणि त्याला पुढच्या वर्षी बालसाहित्यासाठीचे अमेरिकेतील न्यूबेरी पदक मिळाले. त्यातील युक्ती केवळ शब्दांतच शक्य आहे. जोनास राहतो त्या समाजात रंग नाहीत, पण लेखिका ते सांगत नाही. आपण वाचत राहतो आणि मनातल्या मनात घरे, कपडे, झाडे यांना आपले नेहमीचे रंग देत राहतो. मग चेंडूसारखे फेकता-झेलताना एक सफरचंद क्षणभर ‘बदलते’, आणि बऱ्याच पानांनंतर उलगडा होतो की त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा लाल रंग पाहिला होता. आपण ज्या जगात इतका वेळ वावरलो, ते आपण स्वतःच रंगवले होते, हे वाचकाला कळते तेव्हा अंगावर काटा येतो.

चित्रपटाला हे लपवण्याची सोयच नाही. फिलिप नॉइस यांनी चित्रपट कृष्णधवल रंगात सुरू केला आणि हळूहळू रंग भरत नेला. निर्णय समंजस आहे, देखणाही आहे, पण त्यामुळे गौप्य पहिल्या मिनिटालाच फुटते. माध्यमाची ही मर्यादा आहे आणि तिच्यासाठी दिग्दर्शकाला दोष देऊ नये. दोष द्यायचा असेल तर शेवटी घातलेल्या पाठलागाला द्यावा. पुस्तकाचा शेवट इतका धूसर आहे की मुलगा वाचला की बर्फात गोठून गेला, यावर वाचक तीस वर्षे वाद घालत आहेत. चित्रपटाने तो वाद बराचसा मिटवून टाकला.

जाता जाता एक गोष्ट. अभिनेते जेफ ब्रिजेस यांनी हा चित्रपट व्हावा म्हणून जवळजवळ वीस वर्षे खटपट केली. गिव्हरची भूमिका त्यांना आपल्या वडिलांसाठी, म्हणजे लॉइड ब्रिजेस यांच्यासाठी हवी होती. वडील १९९८ मध्ये वारले आणि शेवटी ती भूमिका मुलानेच केली. एका म्हाताऱ्याने आपल्या स्मृती पुढच्या पिढीला देण्याची ही कथा आहे, हे ध्यानात घेतले की ही माहिती नुसती माहिती राहत नाही.

चित्रपटात पात्रांची वये का वाढवतात?

कारणे व्यवहाराची आहेत. बालकलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याची बंधने असतात, मालिका चार-पाच वर्षे चालणार असेल तर लहान मूल मध्येच मोठे होते, आणि प्रेमकथा घालायची असेल तर बारा वर्षांचा नायक चालत नाही. म्हणूनच ‘द गिव्हर’मधील बारा वर्षांचा जोनास पडद्यावर तरुण झाला. जेनिफर लॉरेन्स हिने सोळा वर्षांच्या कॅटनिसचे काम सुरू केले, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा शाळकरी फास्टर फेणे २०१७ च्या चित्रपटात वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला येणारा तरुण झाला, तेव्हा आमच्या पिढीने कुरकुर केली होती. मुलांनी केली नाही.

या बदलाची किंमत मात्र मोजावी लागते. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात शस्त्र देणारे राज्य आणि वीस वर्षांच्या सुदृढ तरुणाच्या हातात शस्त्र देणारे राज्य, यांच्याकडे पाहताना पोटात पडणारा खड्डा सारखा नसतो.

पात्रे पुस्तकात वर्णन केल्याप्रमाणे दिसायला हवीत का?

रूच्या बाबतीत जे घडले ते मुलांना आवर्जून सांगावे. पुस्तकात तिची त्वचा गडद तपकिरी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. चित्रपटात त्याप्रमाणेच कृष्णवर्णीय बालकलाकार निवडली गेली, तरी काही वाचकांनी समाजमाध्यमांवर संताप व्यक्त केला, कारण त्यांनी वाचतानाच तिला गोरी करून टाकले होते. दुसरीकडे कॅटनिसचे वर्णन पुस्तकात सावळट वर्णाची, काळ्या केसांची असे आहे, आणि त्या भूमिकेसाठी केवळ गौरवर्णीय मुलींचाच विचार करण्यात आल्याबद्दल तेव्हा टीका झाली होती. ‘द गिव्हर’विषयी वर जे म्हटले, तेच येथे वेगळ्या आणि अधिक कडू रीतीने लागू पडते. वाचक पुस्तकातले जग स्वतः रंगवतो, आणि चित्रपट आला की त्याच्या हातातला रंग सर्वांना दिसतो.

या चित्रपटांतील हिंसा मुलांना दाखवणे योग्य आहे का?

पालकांच्या या काळजीला दोन वेगवेगळी उत्तरे आहेत.

पहिले सरळ आहे. भारतात आता यू/ए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन पोटविभाग झाले आहेत. ते पाहावेत आणि आपल्या मुलाला ओळखून निर्णय घ्यावा. निर्मात्यांनीही कात्री चालवलेली असते. ‘द हंगर गेम्स’च्या पहिल्या भागातून ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालील मुलांना पालकांसोबत पाहता यावे म्हणून सुमारे सात सेकंदांचे रक्ताचे दर्शन काढून टाकण्यात आले. दिग्दर्शक गॅरी रॉस यांनी रिंगणातील पहिली कत्तल हलत्या कॅमेऱ्याने आणि तुटक दृश्यांनी अशी चित्रित केली आहे की काय घडले हे कळते, पण दिसत फारसे नाही.

दुसरे उत्तर देताना आम्हीही अडखळतो. मुलांनी एकमेकांना मारण्याचा खेळ दूरचित्रवाणीवर दाखवणारी आणि तो चवीने पाहणारी राजधानी, ही या कथेतील खरी खलनायिका आहे. कॉलिन्स यांना ही कल्पना सुचली तीच एका रात्री दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलताना, जेव्हा एका वाहिनीवर स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीवर इराक युद्धाची दृश्ये एकमेकांत मिसळल्यासारखी झाली. पुस्तक वाचताना आपण कॅटनिसच्या डोळ्यांच्या मागे असतो. चित्रपट पाहताना आपण खुर्चीत असतो, हातात मक्याच्या लाह्या असतात, आणि कोण वाचणार याची उत्सुकता असते. म्हणजे आपण राजधानीत असतो. रूपांतर चांगले की वाईट, हे ठरवताना आम्ही हीच कसोटी लावतो: या खुर्चीत बसल्याची आपल्याला लाज वाटते का? हलता कॅमेरा अनेक समीक्षकांना डोकेदुखी वाटला. आमच्या मते त्यामुळे मरणाचा तमाशा होत नाही, म्हणून तो पहिला भाग पुढच्या भागांहून सरस आहे. ‘कॅचिंग फायर’मध्ये नायिका रिंगणात प्रवेश करताच आयमॅक्सचे चित्र रुंदावते आणि दृश्य इतके भव्य होते की भीतीऐवजी कौतुक वाटू लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला जपानी दिग्दर्शक किन्जी फुकासाकू यांचा २००० सालचा ‘बॅटल रॉयल’ आहे. कौशुन ताकामी यांच्या १९९९ च्या कादंबरीवरील या चित्रपटात एका शाळेच्या वर्गाला बेटावर नेऊन आपसांत मारायला लावतात, आणि तेथे रक्त मुळीच लपवलेले नाही. पंधरा वर्षांचे असताना फुकासाकू युद्धकाळात शस्त्रांच्या कारखान्यात काम करत होते, आणि मोठ्यांविषयीचा त्यांचा अविश्वास तेथूनच आला. तो चित्रपट आम्ही वाचनगटात दाखवत नाही. मोठ्यांनी मात्र अवश्य पाहावा.

कॉलिन्स यांनी ‘बॅटल रॉयल’ची नक्कल केली, हे खरे का?

आपले हस्तलिखित प्रकाशकाकडे दिल्यानंतरच या जपानी पुस्तकाचे नाव प्रथम ऐकल्याचे त्यांनी सांगितले आहे. मिनोटॉर या बैलमुखी राक्षसाच्या चक्रव्यूहात दरवर्षी अथेन्सची मुले पाठवण्याची ग्रीक कथा हे आपले उगमस्थान असल्याचे त्या सांगतात. बकासुराकडे रोज एकेक माणूस पाठवणारी एकचक्रा नगरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे पटायला अवघड जाऊ नये.

शेवटच्या पुस्तकाचे दोन चित्रपट का करतात?

एका कथेची तिकिटे दोनदा विकता येतात म्हणून. ‘हंगर गेम्स’ मालिकेतील तिसऱ्या पुस्तकाचे, ‘मॉकिंगजे’चे, २०१४ आणि २०१५ मध्ये दोन भाग निघाले. पहिल्या भागात बराच काळ माणसे तळघरात बसून बोलत राहतात, आणि दुसऱ्या भागाची कमाई आधीच्या सर्व भागांपेक्षा कमी झाली.

‘डायव्हर्जंट’ मालिकेची गत याहून वाईट झाली. तिसऱ्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग, ‘अलीजंट’, २०१६ मध्ये आला आणि त्याची जागतिक कमाई आधीच्या दोन्ही भागांच्या मानाने बरीच घसरून १८ कोटी डॉलरच्याही खाली राहिली. उरलेला अर्धा भाग आधी चित्रपटगृहांसाठी जाहीर झाला होता, मग तो दूरचित्रवाणीसाठी करण्याचे घाटले, आणि शेवटी बेत सोडून देण्यात आला. पुस्तकात नायिका ट्रिस शेवटी मरते आणि हा मृत्यू वाचकांना इतका झोंबला होता की लेखिकेला रोष सहन करावा लागला. केवळ चित्रपट पाहणाऱ्यांची ट्रिस मात्र अजून शिकागोच्या भिंतीपाशी उभी आहे. उजाडले म्हणून शेवटचा अंक न करता पडदा पाडलेली नाटके आम्ही पाहिली आहेत, पण तेथे निदान कथेचा शेवट प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतो.

तीन बोटांच्या सलामीचे एवढे काय आहे?

पुस्तकात डाव्या हाताची मधली तीन बोटे ओठांना लावून पुढे धरणे ही बाराव्या जिल्ह्यातील जुनी, क्वचितच केली जाणारी खूण आहे. ती अंत्यविधीच्या वेळी दिसते आणि आभार, आदर व प्रिय माणसाला निरोप असा तिचा अर्थ आहे. चित्रपटांनी तिला उठावाची खूण केले. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तेथील निदर्शकांनी ती खरोखरच उचलली, त्याबद्दल माणसांना ताब्यात घेण्यात आले, आणि त्याच वर्षी बँकॉकमधील काही चित्रपटगृहांनी ‘मॉकिंगजे’चे खेळ रद्द केले. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही हीच तीन बोटे दिसली. केवळ पुस्तक असते तर ही खूण भाषेची सीमा ओलांडून इतक्या वेगाने गेली नसती. चित्रपटाच्या बाजूने बोलताना आम्ही हा मुद्दा नेहमी पुढे ठेवतो.

हे सगळे अमेरिकेचे. गोव्यातील मुलांचा त्याच्याशी काय संबंध?

कॅटनिसचा जिल्हा कोळसा खाणींचा आहे आणि तिचे वडील खाणीतील स्फोटात गेले आहेत. डिचोली आणि साखळीकडून येणाऱ्या आमच्या मुलांनी लाल धुळीचे ट्रक लहानपणापासून पाहिले किंवा घरच्यांकडून ऐकले आहेत. ‘द हंगर गेम्स’ चित्रपटगृहांत आला त्याच २०१२ मध्ये, सप्टेंबरात, गोव्यातील खाणी बंद झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाण चालू असताना होणारे हाल आणि खाण बंद पडल्यावर होणारे हाल, दोन्ही ज्या गावांनी पाहिले त्यांना बारावा जिल्हा समजावून सांगावा लागत नाही. खाणीच्या बाजूचे आणि विरोधातले, असे दोन्ही घरांतील सदस्य आमच्या गटात आहेत. त्या संध्याकाळी चर्चा बरीच तापली, एवढेच सांगतो.

दुसरा संबंध वयस्कांचा आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत येथे लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागत असे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, तेव्हा बोलू देणे हीच मागणी होती. एका मुलाच्या आजोबांना आम्ही चित्रपटाला बोलावले होते. शिपायांच्या पांढऱ्या शिरस्त्राणांकडे पाहत ते म्हणाले, ‘आमच्या वेळचे पाकले इतके स्वच्छ नव्हते.’ पाकले म्हणजे पोर्तुगीज.

भारतात अशी रूपांतरे झाली आहेत का?

किशोरांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियन कादंबरीवरचा मराठी चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. मोठ्यांसाठी आहेत. मंजुळा पद्मनाभन यांच्या अवयवविक्रीवरील ‘हार्वेस्ट’ या नाटकावर गोविंद निहलानी यांनी २००१ मध्ये ‘देहम’ केला, आणि प्रयाग अकबर यांच्या ‘लैला’ कादंबरीवरची मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. मुलांना पोलादी राज्यव्यवस्था हसतखेळत दाखवायची असेल तर सत्यजित राय यांचा १९८० चा ‘हीरक राजार देशे’ आजही उत्तम आहे. पण तो रूपांतर नव्हे, आणि त्यातील यमकबद्ध बंगाली संवादांची मजा उपशीर्षकांत अर्धीच उतरते.

आधी पुस्तक की आधी चित्रपट?

‘द गिव्हर’ असेल तर आधी पुस्तकच. ‘द मेझ रनर’ असेल तर आधी चित्रपट चालेल, कारण चक्रव्यूहाची उंची शब्दांपेक्षा पडद्यावर जास्त भिववते, आणि पुस्तकात थॉमस व टेरेसा एकमेकांच्या मनात बोलतात तो भाग चित्रपटाने वगळला ते बरेच झाले. बाकीच्यांच्या बाबतीत मुलांवर सोडावे. चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेली मुले आमच्या गटात निम्म्याहून अधिक आहेत.

लाट आता पूर्ण संपली आहे का?

नाही. ‘हंगर गेम्स’च्या पूर्वकथेवरचा चित्रपट २०२३ मध्ये आला आणि त्याने खर्चाच्या तिपटीहून अधिक कमावले. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या २००५ च्या ‘अग्लीज’वरचा चित्रपट २०२४ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. तो मात्र निराशाजनक आहे. सोळाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून सर्वांना सुंदर करणाऱ्या राज्याच्या या कथेत ‘कुरूप’ म्हणून दाखवलेली मुले आधीच इतकी देखणी आहेत की शस्त्रक्रिया कशासाठी, हा प्रश्न पडतो.

आमच्या शाळेत किंवा वाचनालयात असा चित्रपट दाखवायचा तर परवानगी लागते का?

प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थांना सवलत आहे. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला जात असेल आणि प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढेच असतील, तर तो अधिकारभंग ठरत नाही. गावातल्या सभागृहात सर्वांना खुला खेळ ठेवायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. घरगुती ओटीटी वर्गणीच्या अटी साधारणपणे खासगी वापरापुरत्याच असतात, हेही तपासून पाहावे.

खेळ लावताना आम्ही दोन पथ्ये पाळतो. चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह लावतो, कारण मराठी माध्यमाच्या मुलांना उच्चार कळत नाहीत पण अक्षरे कळतात. आणि रूच्या मृत्यूनंतर चित्रपट थांबवून पाच मिनिटे दिवे लावतो. त्या वेळी कोणी काही विचारायचे नाही असे ठरलेले आहे. मागच्या मे महिन्यात दिवे लागल्यावर सातवीतली एक पाहुणी मुलगी उठली, पुस्तकांच्या टेबलापाशी गेली आणि पावाचे पान उघडून उभ्या उभ्या वाचू लागली.